गार्डियन व्हायचं तर दादाला नोंदणी-फी भरावी लागेल का?

पत्र:

सप्रेम नमस्कार. माझी सख्खी मावशी (वय ७९) ऐन तरुणपणी अमेरिकेत गेली आणि गेली बरीच वर्षं फ्लोरिडात, टँपाला राहते. काका वारले, मूलबाळ नाही. स्मृतिभ्रंश सुरू होऊन काही काळ झाला होता, पण शेजारी आणि कामवाली बाई यांच्या आधारावर ती एकटी राहत होती. मध्यंतरी घरात पडली. हॉस्पिटलमधून घरी सोडायची वेळ आली तेव्हा ‘हिची जबाबदारी घेणारं कोणी दिसत नाही’ म्हणून हॉस्पिटलने कोर्टात अर्ज केला, आणि कोर्टाने एक प्रोफेशनल गार्डियन (अक्षम व्यक्तीच्या वतीने निर्णय घेणारी व्यावसायिक पालक) तात्पुरती नेमली. कायमच्या नेमणुकीची सुनावणी लवकरच आहे. माझा भाऊ न्यू जर्सीत असतो, त्याला टपालाने नोटीस आली. त्याने चौकशी केली तर गार्डियनला दरवर्षी राज्याकडे फी भरून नोंदणी करावी लागते, चाळीस तासांचा कोर्स, परीक्षा, पन्नास हजार डॉलरचा बाँड (नुकसान झालं तर भरपाईची हमी), असं बरंच निघालं. तो म्हणतो, ‘हे आपल्याला झेपणारं नाही. ती बाई नोंदणी झालेली आहे, सरकारने तपासलेली आहे, तिलाच राहू दे.’ मला ते पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. ही नोंदणीची फी शेवटी मावशीच्याच पैशातून जाते का? नोंदणी आहे म्हटल्यावर निर्धास्त राहायचं का? त्या बाईंनी मावशीच्या कोथरूडच्या फ्लॅटचे कागदही मागितले आहेत. ते द्यायचे का?

— भाची, पुणे

उत्तर:

प्रिय ताई,

तुमच्या दादाने वाचलं ते बरोबर आहे, पण ते त्याला लागू नाही. सुनावणी तोंडावर आहे, म्हणून हे आधी सांगते.

फ्लोरिडाच्या कायद्यात प्रोफेशनल गार्डियन कोण, हे ठरवून दिलेलं आहे: ज्याने आजवर तीन किंवा जास्त जणांचं पालकत्व केलं आहे तो. आणि त्याला जोडूनच म्हटलं आहे की स्वतःच्या नात्यातल्या दोघांचं किंवा अधिकांचं पालकत्व करणारा माणूस प्रोफेशनल धरायचा नाही. दादा एका मावशीसाठी उभा राहणार आहे. त्याला राज्याकडे नोंदणी नाही, वार्षिक फी नाही, परीक्षा नाही, चाळीस तासही नाहीत. नातेवाईक गार्डियनला साधारण आठ तासांचं शिक्षण घ्यावं लागतं, तेही नेमणूक झाल्यावर चार महिन्यांच्या आत. त्याचा खर्च, कोर्टाने वेगळं सांगितलं नाही तर, मावशीच्या मालमत्तेतून करता येतो. बोटांचे ठसे देऊन होणारी पार्श्वभूमीची तपासणी आणि आर्थिक पत तपासणं मात्र त्यालाही चुकणार नाही, आणि ते स्वखर्चाने. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल तर गार्डियन होता येत नाही. तुमच्या दादाच्या बाबतीत तो प्रश्न नसावा.

‘पण मी तर न्यू जर्सीत राहतो’ ही त्याची पुढची अडचण असेल. कायद्याने तिचाही विचार केला आहे. राज्याबाहेर राहणारा परका माणूस फ्लोरिडात गार्डियन होऊ शकत नाही, पण नात्यातला होऊ शकतो. त्या नात्यांच्या यादीत भाऊ, बहीण, काका, मावशी यांच्याबरोबर भाचा-भाची, पुतण्या-पुतणीही आहेत. म्हणजे दादा बसतो. कागदावर बघितलं तर तुम्हीही बसता, फक्त पुण्यात राहून टँपाच्या डॉक्टरांना रात्री-अपरात्री उत्तरं देणं किती जमेल, हा प्रश्न न्यायाधीश विचारतीलच.

आणि नेमणूक करताना रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यातल्या माणसाला कोर्टाने पसंती द्यावी, असं कायदाच म्हणतो. मात्र ती पसंती मागायला कोणीतरी कोर्टात उभं असावं लागतं. हॉस्पिटलने ‘कोणी दिसत नाही’ म्हटलं आणि खरंच कोणी आलं नाही, तर न्यायाधीशांसमोर एकच नाव उरतं. दादा जे मोठेपणाने ‘तिलाच राहू दे’ म्हणतोय, त्याचा अर्थ तिथे ‘आम्हाला हरकत नाही’ असा होतो.

त्यात एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. तातडीची म्हणून नेमलेली गार्डियन नव्वद दिवसांपुरती असते, फार तर आणखी नव्वद दिवस मुदत वाढते. अशी तात्पुरती नेमणूक प्रोफेशनल व्यक्तीकडे असेल, तर तिलाच पुढे कायम करायला कायद्याने आडकाठी घातली आहे. जवळच्या नातेवाइकाने किंवा खुद्द मावशीने तशी मागणी केली, किंवा मावशीच्या काही विशेष गरजा त्याच व्यक्तीला भागवता येतील असं कोर्टाला वाटलं, तर ती दूर होते. म्हणून दादाला सांगा, कोणी ‘सोयीसाठी’ म्हणून संमतीच्या कागदावर सही मागितली तर स्वतःच्या वकिलाला दाखवल्याशिवाय करायची नाही.

आता फीबद्दल. नोंदणी करणारं ऑफिस फ्लोरिडाच्या ज्येष्ठ नागरिक खात्याखाली येतं. पूर्वी ते मुख्यतः सरकारी गार्डियन पुरवण्याचं आणि प्रोफेशनल गार्डियनच्या नोंदणीचं काम बघायचं. २०१६ साली कायदा बदलला आणि खाजगी प्रोफेशनल गार्डियनवर देखरेख, तक्रारींची चौकशी, शिस्तभंगाची कारवाई हे सगळं त्याच्याकडे आलं. नोंदणी दरवर्षी नव्याने करायची. तिची फी १०० डॉलरच्या वर नेता येणार नाही असं कायद्यात आहे, आणि नियमाने ठरवलेली रक्कम आहे ३५ डॉलर. पस्तीसच. शिवाय दर दोन वर्षांनी ठरावीक तासांचं पुढचं शिक्षण, आणि कोर्टाच्या क्लार्कच्या ऑफिसात ठेवायचा किमान ५०,००० डॉलरचा बाँड.

हे मावशीच्या खिशातून जातं का? बाँडचा खर्च आणि शिक्षणाचा खर्च, दोन्ही पालकत्वाखालच्या व्यक्तीच्या मालमत्तेतून करायचे नाहीत, असं कायद्यात लिहिलेलंच आहे. नोंदणीची फी हा त्या बाईंच्या व्यवसायाचा खर्च. दुकानदाराने परवान्याचे पैसे गिऱ्हाइकाच्या बिलात वेगळे लावायचे नसतात. बिलात ‘नोंदणी’, ‘प्रशिक्षण’ किंवा ‘बाँडचा हप्ता’ अशी ओळ दिसली तर लेखी हरकत घ्या.

पण ताई, या पस्तीस डॉलरवर तुम्ही अडून बसू नये असं मला मनापासून वाटतं. मावशीचा पैसा तिथून जाणार नाही. तो जाणार आहे तासांच्या बिलातून.

गार्डियनला ‘वाजवी’ मोबदला मिळण्याचा हक्क आहे, आणि तो मावशीच्याच पैशातून. गार्डियनच्या वकिलाला मिळण्याचाही हक्क आहे, तोही तिथूनच. कोर्टात मूळ अर्ज ज्याने केला त्याच्या वकिलाचं बिलही अनेकदा तिथेच येतं. फोन केला, ई-मेल वाचली, औषधांच्या दुकानात गेली, बँकेत थांबली, वकिलाशी बोलली, प्रत्येक नोंद तासाच्या हिशेबाने. समजा दर ताशी ९० डॉलर असला आणि महिन्याला दहा तास लागले, तर महिन्याचे ९०० आणि वर्षाचे १०,८०० डॉलर झाले. वकिलाचा ताशी दर याच्या कितीतरी वर असतो. हे आकडे मी नुसते उदाहरणाला घेतले आहेत. तुमच्या प्रकरणातला खरा दर वकिलाला विचारा. एवढंच लक्षात घ्या, की पेन्शन आणि साठवलेल्या पैशावर जगणाऱ्या ७९ वर्षांच्या बाईच्या खात्याला हे किती वर्षं झेपेल, हा हिशेब आजच कोणीतरी कागदावर मांडायला हवा.

हे पैसे परस्पर काढून घेता येत नाहीत. तपशीलवार बिल जोडून कोर्टाकडे अर्ज करावा लागतो. किती वेळ लागला, काम किती अवघड होतं, त्या भागात रूढ दर काय, मावशीची मालमत्ता केवढी, त्यातून निष्पन्न काय झालं, हे सगळं बघून न्यायाधीश मंजुरी देतात. बिलावर कोणी हरकतच घेतली नाही तर न्यायाधीश तरी कशावरून कात्री लावणार? हरकत घरच्यांनीच घ्यायची असते.

मग नोंदणीचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो नाकारू नका. गुन्ह्यांची नोंद तपासलेली असते, किमान शिक्षण झालेलं असतं, काही बिनसलं तर तक्रार करायला एक दार असतं. त्या ऑफिसची नोंदणीकृत गार्डियनची यादी कोणालाही इंटरनेटवर बघता येते. आजच त्या बाईंचं नाव शोधा आणि यंदाची नोंदणी चालू आहे का ते पाहा. इतकं झालं की नोंदणीचं काम संपतं. ती बाई मावशीला किती वेळा भेटते, मावशीला वरणभात मिळतो की नाही, तिच्याशी कोणी मराठीत दोन शब्द बोलतं का, हे नोंदणी सांगत नाही.

आणि नोंदणी माणसाला प्रामाणिक ठेवत नाही. २०१९ मध्ये फ्लोरिडातच ओरलँडोच्या एका नोंदणीकृत प्रोफेशनल गार्डियनचं प्रकरण गाजलं. पालकत्वाखालच्या माणसाच्या इच्छेविरुद्ध, ‘हृदय बंद पडलं तर पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करू नका’ अशा आदेशावर सही केल्याचा आरोप होता. तो माणूस टँपाच्या हॉस्पिटलात वारला. त्यानंतर २०२० मध्ये कायदा बदलला, आणि आता कोर्टाची मंजुरी घेतल्याशिवाय गार्डियनला अशा आदेशावर सही करता येत नाही. नेवाडात लास वेगासकडे एप्रिल पार्क्स नावाच्या खाजगी गार्डियनने कोर्टाच्या नेमणुकीच्या जोरावर कित्येक वृद्धांना लुबाडलं. जानेवारी २०१९ मध्ये तिला १६ ते ४० वर्षांची कैद झाली. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. या क्षेत्रात मनापासून राबणारी, घरच्यांनी टाकून दिलेल्या म्हाताऱ्यांना जपणारी माणसंही आहेत, आणि तुमच्या मावशीला मिळालेली बाई त्यांतली असू शकेल. पण ‘सरकारने तपासलेली आहे’ या एका वाक्यावर मावशीचं उरलेलं आयुष्य सोपवू नका.

आता दादाने काय करायचं ते सांगते. सगळ्यात आधी टँपाच्या, म्हणजे हिल्सबरो काउंटीच्या, कोर्टात पालकत्वाची प्रकरणं चालवणारा वकील गाठायचा. स्वतः वकील नसलेल्या गार्डियनला फ्लोरिडात वकिलाशिवाय काम चालवता येत नाही, त्यामुळे हा खर्च टळणारा नाही. पहिल्या ई-मेलमध्येच प्रकरणाचा क्रमांक, नोटिशीची प्रत, सुनावणीची तारीख आणि नातं सिद्ध करणारे कागद पाठवावेत. तुमच्या आईचा आणि मावशीचा जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, आणि दादाचा जन्मदाखला. लग्नानंतर नावं बदललेली, जुन्या दाखल्यांवरची स्पेलिंग वेगळी, यात आपल्या लोकांचे आठवडे जातात. हे काम पुण्यातून तुम्हीच करू शकता, आणि ते आजच सुरू करा.

त्याच वेळी मावशीच्या घरातले कागद कोणीतरी चाळायला हवेत. तिने किंवा काकांनी पूर्वी कधी टिकाऊ मुखत्यारपत्र (माणूस पुढे अक्षम झाला तरी चालू राहणारं) केलं होतं का, आजारपणात निर्णय कोणी घ्यायचा ते लिहून ठेवलं होतं का, ट्रस्ट केला होता का? तिकडे इतकी वर्षं राहिलेली मराठी जोडपी मृत्युपत्र करताना वकिलाच्या सांगण्यावरून हे कागद बहुधा करून ठेवतात, आणि ते कपाटात पडून राहतात. पुढे अक्षम झाले तर माझा गार्डियन कोण, हे आधीच लिहून क्लार्ककडे ठेवायची सोयही फ्लोरिडात आहे. तिचीही चौकशी करा. असा एखादा कागद सापडला तर पालकत्वाची गरजच नाही असं म्हणता येतं, कारण कमीत कमी हक्क काढून घेणारा मार्ग असेल तर तोच धरायचा, हे कोर्टावर बंधनकारक आहे. मावशीला तपासायला तिघांची समिती नेमलेली असेल, आणि मावशीच्या बाजूने बोलायला कोर्टाने एक वकीलही दिला असेल. त्या वकिलाला दादाने फोन करावा. मावशीला काय हवं आहे हे त्यांनी तिला मराठी येणाऱ्या माणसाच्या मदतीने विचारावं, असा आग्रह धरावा. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी निसटते. इंग्रजीत गप्प बसलेली बाई मराठीत बरंच काही सांगू शकते.

एवढं करूनही दादाला सगळं झेपणार नाही असं वाटलं तर मधला मार्ग आहे, आणि तुमच्या घरासाठी मला तोच सर्वांत चांगला वाटतो. व्यक्तीचं पालकत्व आणि मालमत्तेचं पालकत्व वेगवेगळ्या हातांत देता येतं. मावशीने कुठे राहायचं, कोणते उपचार घ्यायचे हे दादाकडे ठेवा; बँक, कर, घराची देखभाल हे ट्रस्ट कंपनीकडे किंवा प्रोफेशनल गार्डियनकडे जाऊ द्या. पैशाचा बाँड आणि हिशेबाचं ओझं मग बरंचसं त्यांच्यावर राहतं.

आणि समजा सगळं करून त्या बाईच कायम झाल्या, तरी तुमचं काम संपत नाही. नेमणुकीनंतर साठ दिवसांत त्यांना मालमत्तेची यादी आणि मावशीच्या काळजीचा आराखडा कोर्टात द्यावा लागतो. पुढे दरवर्षी नवा आराखडा आणि पैशाचा हिशेब. क्लार्कचं ऑफिस तो हिशेब तपासतं. त्या तपासणीची फी मात्र मावशीच्या मालमत्तेतून जाते, तिच्या आकारानुसार २० ते २५० डॉलर, आणि ती देण्यात काही गैर नाही; मावशीच्या बाजूने डोळे उघडे ठेवण्याचे ते पैसे आहेत. हे अहवाल कोणालाही मागून मिळत नाहीत, नातेवाइकांनासुद्धा कोर्टाचा आदेश लागतो. म्हणून सुनावणीच्या वेळीच दादाच्या वकिलाने दोन गोष्टी मागून घ्याव्यात: प्रकरणातल्या प्रत्येक कागदाची नोटीस मिळावी, आणि वार्षिक अहवाल बघायची परवानगी मिळावी. नंतर भांडण लागल्यावर मागणं फार महाग पडतं.

प्रोफेशनल गार्डियनने किंवा तिच्या माणसाने प्रत्येक तिमाहीत किमान एकदा मावशीला प्रत्यक्ष भेटलं पाहिजे, असा नियम आहे. तीन महिन्यांतून एकदा! तुम्हाला हे वाचून पोटात कालवलं असेल. म्हणूनच तुमचे व्हिडिओ कॉल, टँपातल्या ओळखीच्या मराठी कुटुंबाचं येणं-जाणं, हे सगळं आराखड्यात लिहून घ्या, वार आणि वेळेसकट. भेटायला येणाऱ्यांना भेटण्याचा आणि लोकांशी बोलण्याचा मावशीचा हक्क पालकत्वाने जात नाही, आणि तिला अपाय होईल असं वाटल्याशिवाय गार्डियनला घरच्यांना तोडता येत नाही. कोणी तोडायला लागलं तर तारखेनिशी टिपून ठेवा. मग ते कोर्टात आणि नोंदणीच्या त्या ऑफिसात, दोन्हीकडे मांडता येईल.

राहिला कोथरूडचा फ्लॅट. तो अस्तित्वात आहे हे लपवू नका. मावशीच्या मालमत्तेची यादी खरी असायला हवी, आणि उद्या दादा गार्डियन झाला तर ती सादर करण्याची जबाबदारी त्याचीच असेल. इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटच्या झेरॉक्स वकिलामार्फत द्या. मूळ कागद मात्र कोणाच्याही हाती देऊ नका, आणि फ्लॅट विकण्याच्या किंवा भाड्याने देण्याच्या कुठल्याही कागदावर सही करू नका. फ्लोरिडाच्या कोर्टाचा हुकूम पुण्याच्या जमिनीवर थेट चालत नाही. परदेशी कोर्टाचे निकाल इथे परस्पर अंमलात आणण्यासाठी आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ मध्ये ज्या देशांची सोय आहे, त्यांत अमेरिका नाही. फ्लॅटबाबत काही करायचंच झालं तर इथल्या कोर्टात वेगळं जावं लागेल, त्याला इथला वकील लागेल, आणि त्याची घाई आज नाही. आज घाई आहे ती टँपाच्या तारखेची. दादाला आज रात्रीच फोन करा, आणि त्याला ‘झेपेल का’ हे विचारण्याआधी ‘तुला नोंदणी लागत नाही’ हे सांगा.